नकाशातल्या चुकीचे उत्तर कोठे ठेवायचे?

स्वयंसेवकांनी मिळून रेखाटलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या नकाशावर एक छोटा रस्ता मोठ्या रस्त्याच्या दोन मीटर अलीकडे संपलेला आहे, असे समजा. पडद्यावर पाहिले तर दोन्ही रेषा एकमेकींना टेकल्यासारख्या वाटतात. पण या नकाशात निर्देशांक सात दशांश स्थळांपर्यंत साठवले जातात, म्हणजे विषुववृत्तापाशीसुद्धा साधारण एका सेंटिमीटरचा फरक त्यात टिकून राहतो, आणि मार्ग शोधणारे सॉफ्टवेअर रेषा किती जवळ आहेत हे न पाहता त्यांना सामाईक नोड, म्हणजे दोन्ही रेषांत मोडणारा एकच बिंदू, आहे की नाही एवढेच पाहते. सामाईक नोड नसेल तर त्याच्या लेखी रस्ता तेथे संपला आणि ते प्रवाशाला वळसा घालून नेते. रेखाटणाऱ्याकडून रेषा जोडायची राहून गेली असेल, तर ही चूक आहे. त्या दोन मीटरांत खरोखरच भिंत उभी असेल, तर नकाशा अगदी बरोबर आहे. उपग्रहचित्रावर झाडांची सावली पडलेली असली की या दोहोंतले खरे काय, हे घरबसल्या सांगता येत नाही.

हा एकच प्रसंग किती ठिकाणी नोंदला जातो, ते पाहण्यासारखे आहे. जोसम या नकाशा संपादित करण्याच्या एडिटरमधला तपासनीस बदल अपलोड होण्यापूर्वीच, रस्त्याचे टोक दुसऱ्या रस्त्याच्या फार जवळ आहे, असा इशारा देतो. ब्राउझरमध्ये चालणारा आयडी एडिटर त्याच गोष्टीला जवळजवळ झालेला जोड म्हणतो. कीप राइट या यंत्राने चुका शोधणाऱ्या साधनात तिचा स्वतंत्र प्रकार होता, त्याच जातीच्या ऑस्मोजमध्ये वेगळा आहे, आणि ओएसएम इन्स्पेक्टर तीच जागा मार्गजाळ्याच्या थरात न जोडलेला रस्ता म्हणून दाखवतो, तीही एक, दोन आणि पाच मीटर अशा पायऱ्या करून. कोणी या प्रकारच्या जागा वेचून मॅपरूलेटवर, म्हणजे नकाशाची छोटी कामे एकेक करून वाटणाऱ्या संकेतस्थळावर, आव्हान मांडले असेल, तर तेथेही ती एक काम म्हणून रांगेत उभी असते. शिवाय एखाद्या वाटसरूने थेट नकाशावर नोट टाकून ‘येथून पलीकडे जाता येत नाही’ असे लिहून ठेवलेले असू शकते. रस्त्याच्या एका टोकाबद्दल इतक्या नोंदी, प्रत्येकीचे नाव वेगळे, क्रमांक वेगळा, आणि एकीला दुसरीचा पत्ता नाही.

मी बराच काळ अशा नोंदी तपासण्यात आणि मिटवण्यात घालवत आलो आहे, आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. या साधनांचा मेळ घालायचा म्हटले की बहुतेकांच्या मनात पहिली कल्पना येते ती सगळ्या नोंदी एका पडद्यावर आणण्याची. ते करणे सोपे आहे, काही प्रमाणात झालेलेही आहे, आणि त्याने काम फारसे हलके होत नाही. अडचण उत्तराची आहे. एखाद्या माणसाने तेथे जाऊन, भिंत डोळ्यांनी पाहून, ‘नकाशा बरोबर आहे’ असे सांगितले, तर ते सांगणे कोठे राहते आणि उद्या तीच शंका घेऊन येणाऱ्या दुसऱ्या साधनाला ते कसे कळते, याची व्यवस्था अजून अर्धवट आहे.

ही अडचण फक्त नकारार्थी उत्तराच्या वाट्याला येते, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. नकाशा चुकलेला असेल आणि कोणी तो दुरुस्त केला, तर विदेतच, म्हणजे नकाशाच्या मूळ डेटातच, बदल होतो. प्रत्येक साधन पुढच्या फेरीत विदा पुन्हा वाचते, त्याला आता सामाईक नोड सापडतो, आणि नोंद आपोआप गळून पडते. कोणी कोणाला काही कळवावे लागत नाही, कारण नकाशा हाच सर्वांचा निरोप्या असतो. नकाशा बरोबर असेल तेव्हा मात्र विदेत काहीच बदलत नाही. मग प्रत्येक साधनाला ‘हा खोटा इशारा आहे’ असे वेगवेगळे सांगावे लागते, आणि एकाला सांगितलेले दुसऱ्याच्या कानावर जात नाही. परिणामी जे काम सर्वांत कष्टाचे, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर जाऊन खात्री करण्याचे, त्याचेच फळ सर्वांत आधी हरवते. दुसरा मॅपर वर्षभराने तीच शंका पाहतो, उपग्रहचित्रावर त्याला फट दिसत नाही, आणि तो सद्भावनेने रेषा जोडून टाकतो. त्या क्षणी बरोबर असलेला नकाशा चुकीचा होतो, आणि सगळ्या साधनांवर तो आता निर्दोष दिसतो. कोणताही यंत्रतपास ही चूक पुन्हा पकडू शकत नाही, कारण जोडलेला रस्ता ही त्याच्या दृष्टीने सर्वसामान्य गोष्ट आहे.

साधने इतकी का झाली, याचा इतिहास थोडक्यात सांगतो. ओपनस्ट्रीटमॅप २००४ साली सुरू झाला. सुरुवातीच्या काळात वाचकाला चूक कळवण्याची सोय मूळ संकेतस्थळावर नव्हती, म्हणून ओपनस्ट्रीटबग्ज ही बाहेरची सेवा उभी राहिली. एप्रिल २०१३ मध्ये नोट्सची सोय मूळ संकेतस्थळात आणि त्याच्या एपीआयमध्येच (इतर सॉफ्टवेअर ज्या वाटेने नकाशाशी बोलते तीत) आली, आणि खाते न उघडताही नकाशावर शेरा टाकता येऊ लागला. यंत्राने तपासणारी साधने याला समांतर वाढत गेली. जर्मनीतल्या जिओफॅब्रिकने ओएसएम इन्स्पेक्टर चालवला, फ्रान्समधल्या मॅपरसमूहाने ऑस्मोज उभारले, आणखी कोणी आणखी काही. प्रत्येकामागे कोणाची तरी खरी गरज होती. मार्ग काढणाऱ्याला तुटलेले रस्ते हवे होते, पत्ते जमवणाऱ्याला घरक्रमांकांतल्या विसंगती हव्या होत्या, किनारपट्टी रेखाटणाऱ्याला उघडी राहिलेली बहुभुजे हवी होती.

हा वेगळेपणा मोडावा असे मला अजिबात वाटत नाही. दोन साधनांच्या अंतराच्या मर्यादा वेगळ्या असतात, म्हणून एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याच्या नजरेत येते. सर्वांचे नियम एक करून एकच अधिकृत तपासनीस नेमला, तर त्याच्या नियमांत न बसणारी चूक कोणालाच दिसणार नाही. शिवाय हे सगळे स्वयंसेवकांचे काम आहे. कोणाचे साधन कोणी बंद करायचे, हा अधिकार कोणालाच नाही आणि तो असूही नये. तेव्हा साधने स्वतंत्रच राहतील असे गृहीत धरून, त्यांनी एकमेकांना कमीत कमी काय सांगितले पाहिजे, एवढाच प्रश्न उरतो.

पहिली गोष्ट ओळखीची. दोन साधने एकाच चुकीबद्दल बोलत आहेत हे ठरवायचे कसे? वरवर पाहता उत्तर सोपे वाटते. नकाशातल्या प्रत्येक नोडला, वेला (नोड जोडून झालेल्या रेषेला) आणि रिलेशनला (अनेक घटकांच्या गटाला) स्वतःचा क्रमांक असतो, तेव्हा घटकाचा क्रमांक आणि चुकीचा प्रकार मिळून ओळख तयार व्हावी. अनेक साधने ढोबळमानाने असेच करतात. प्रत्यक्षात हे क्रमांक वाटतात तितके स्थिर नसतात. रस्त्याच्या मधल्या भागावर पूल आहे, वेगमर्यादा पुढे बदलते, किंवा बसमार्ग त्या रस्त्याच्या अर्ध्याच भागावरून जातो, अशा कोणत्याही कारणाने मॅपर वेचे दोन तुकडे करतो. एका तुकड्याकडे जुना क्रमांक राहतो, दुसऱ्याला नवा मिळतो. जुना क्रमांक कोणाला द्यायचा हे एडिटर ठरवतो, आणि तो बहुधा लांब तुकड्याला जातो. आपले वादग्रस्त टोक आखूड तुकड्यावर राहिले, तर साधनाच्या दृष्टीने तो एक नवाच रस्ता असतो, ज्याबद्दल कोणी कधी काही सांगितलेले नाही. खोटा इशारा म्हणून मिटवलेली नोंद पुन्हा जिवंत होते, आणि तिच्यामागे कोणाचाही दोष नसतो. रस्त्याचे तुकडे करणाऱ्याने अत्यंत योग्य काम केलेले असते.

याच्याच उलट बाजूचा दोष अधिक फसवा आहे. प्रत्येक घटकाला आवृत्तीक्रमांकही असतो, आणि बदल झाला की तो एकाने वाढतो. म्हणून काहींना वाटते की ‘या आवृत्तीला खोटा इशारा’ असे नोंदवून ठेवावे आणि आवृत्ती वाढली की पुन्हा विचारावे. पण वे म्हणजे नोडच्या क्रमांकांची यादी. त्यातला एखादा नोड उचलून दुसरीकडे ठेवला, तर बदलते ती त्या नोडची आवृत्ती. वेची आवृत्ती होती तेवढीच राहते. रस्त्याचा आकार बदललेला असतो, त्याचे टोक दहा मीटर सरकलेले असते, तरी वे मात्र आपण जुनाच असल्याचे सांगत राहतो. त्यामुळे नकारार्थी उत्तर जपायचे असेल, तर ते वेला बांधून चालत नाही. रस्त्याच्या टोकाबद्दलचे उत्तर त्या टोकाच्या नोडला बांधले पाहिजे, सोबत तपासाच्या वेळचे अक्षांश-रेखांश आणि तपासाची तारीख ठेवली पाहिजे, आणि नोड ठरावीक अंतरापेक्षा जास्त सरकला तरच प्रश्न पुन्हा उघडला पाहिजे. माझ्या अनुभवात वे तुटणे ही रोजची घटना आहे, तर शेवटचा नोड बदलणे त्या मानाने कमी घडते.

दुसरी गोष्ट वेळेची. नकाशातले बदल दर मिनिटाला, दर तासाला आणि दर दिवसाला अशा गठ्ठ्यांत प्रसिद्ध होतात, आणि संपूर्ण विदेची फाइल आठवड्याला निघते. कोणते साधन यांपैकी काय वापरते आणि स्वतःचा तपास किती दिवसांनी चालवते, त्यावर त्याचा नकाशा किती जुना हे ठरते. सकाळी दुरुस्त झालेली चूक एका ठिकाणी दुपारपर्यंत नाहीशी होते, दुसऱ्या ठिकाणी पुढची फेरी होईपर्यंत तशीच लटकत राहते. त्या दरम्यान आलेला मॅपर ती उघडतो, नकाशा पाहतो, काहीच चुकलेले दिसत नाही, आणि हैराण होतो. मग तो काय करतो? पुष्कळदा तो ‘खोटा इशारा’ हे बटण दाबतो, कारण समोरच्या नकाशात चूक नाही हे त्याच्या दृष्टीने खरेच असते. आता त्या जागी पुढे कधी खरी चूक झाली, तर ते साधन ती दाखवणार नाही. आधीच दुरुस्त झालेले आणि कधीच चुकलेले नव्हते, या दोन अगदी भिन्न गोष्टी एका बटणाखाली गेल्या की असे होते.

येथे मॅपरूलेटचे मला कौतुक वाटते. त्यात ‘दुरुस्त केले’, ‘ही चूक नाही’, ‘आधीच दुरुस्त होते’, ‘जमत नाही’ आणि ‘सोडून दिले’ अशी वेगवेगळी उत्तरे देता येतात. कीप राइटनेही, चूक दुरुस्त झाली म्हणून तात्पुरते दुर्लक्ष करा आणि इशाराच खोटा म्हणून कायमचे दुर्लक्ष करा, असा फरक केलेला होता. नोट्समध्ये मात्र नोंद उघडी असते किंवा मिटलेली असते. ती का मिटवली हे शेऱ्यात लिहावे लागते, आणि शेरा मोकळ्या गद्यात, जगातल्या कोणत्याही भाषेत असतो. माणसाला ते पुरते, यंत्राला पुरत नाही. साधनांचा मेळ घालायचा तर उत्तरांच्या एका छोट्या समान संचावर सर्वांनी येणे मला सर्वांत तातडीचे वाटते. आता दुरुस्त केले. मी पाहण्यापूर्वीच दुरुस्त झाले होते. तपासले, नकाशा बरोबर आहे. नुसते चित्रावरून सांगता येत नाही, जागेवर जावे लागेल. ही चार उत्तरे पुरेशी आहेत. शेवटचे उत्तर तर विशेष मोलाचे आहे, कारण घरून काम करणाऱ्याने ते दिले की ती नोंद त्याच्यासारख्या इतरांपुढून हटून पायी फिरणाऱ्यांच्या यादीत जायला हवी. आज ती पुन्हा पुन्हा घरी बसलेल्यांच्याच पुढ्यात येते आणि प्रत्येक जण ती सोडून देतो.

आता मूळ प्रश्न. उत्तर ठेवायचे कोठे?

एक जागा अशी आहे जी प्रत्येक साधन वाचतेच, आणि ती म्हणजे नकाशाची विदा. त्यामुळे काही नकारार्थी उत्तरे टॅगच्या, म्हणजे घटकाला जोडलेल्या गुण आणि मूल्य अशा नोंदीच्या, रूपाने विदेतच ठेवण्याची पद्धत पूर्वीपासून आहे. रस्त्याच्या शेवटच्या नोडवर नोएक्झिट हा टॅग ‘होय’ या मूल्यासह लावला, की येथून पुढे रस्ता खरोखरच जात नाही असे प्रत्येकाला कळते. माणसाला कळते, जोसमला कळते, ऑस्मोजलाही कळते. रस्त्याला नावच नसेल तर नोनेम हा टॅग लावता येतो, म्हणजे नाव लिहायचे राहिले की नावच नाही, ही शंका मिटते. या पद्धतीचे मोठे बळ असे की कोणत्याही नव्या सर्व्हरची, कराराची किंवा समितीची गरज लागत नाही. उद्या कोणी नवे साधन लिहिले, तरी त्याला हे उत्तर पहिल्या दिवसापासून मिळते. शिवाय टॅग नोडवर असल्यामुळे, वेचे तुकडे झाल्याने त्याला धक्का लागत नाही. तो टॅग जुना झाला, म्हणजे रस्ता पुढे वाढवला गेला आणि नोएक्झिट मधल्याच नोडवर राहिला, तर तीही विसंगती म्हणून तपासनीस पकडू शकतो. उत्तर खोटे ठरले की ते स्वतःच उघडे पडते, हा गुण बाहेरच्या कोणत्याही नोंदवहीत नाही.

पण याला मर्यादा आहे, आणि ती पाळली नाही तर नकाशाचे नुकसान होते. नोएक्झिट हे जमिनीवरचे सत्य आहे. तेथे उभे राहून कोणीही ते पडताळून पाहू शकतो. याउलट ‘अमुक साधनाच्या तमुक नियमाने दिलेला इशारा चुकीचा आहे’ हे जमिनीबद्दलचे विधान नाही, ते त्या साधनाबद्दलचे विधान आहे. असली विधाने टॅग म्हणून नकाशात भरू लागलो, तर प्रत्येक साधनामागे एक टॅग येईल, साधन बंद पडेल, नियम बदलेल, आणि टॅग मात्र वर्षानुवर्षे पडून राहतील. ‘हे दुरुस्त करा’ असे सुचवणाऱ्या फिक्समी टॅगचा अनुभव आपल्यासमोर आहेच. ‘नीट तपासा’ एवढेच लिहिलेले फिक्समी इतक्या ठिकाणी पडून आहेत, आणि काय तपासायचे हे लिहिणाऱ्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. म्हणून मी स्वतःपुरता एक दंडक ठेवला आहे. तेथे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला जे दिसेल ते विदेत लिहावे, आणि साधनाच्या समजुतीतला दोष त्या साधनाच्या नोंदवहीत किंवा त्याच्या कर्त्याकडे कळवावा. भिंत असेल तर नोएक्झिट लावण्यापेक्षाही भिंतच रेखाटणे अधिक चांगले, कारण तो इशाऱ्याला दिलेला जबाब न राहता नकाशात पडलेली भर ठरते.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरी जागा आहे, जिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. प्रत्येक चेंजसेटला, म्हणजे एकत्र जतन केलेल्या बदलांच्या गठ्ठ्याला, स्वतःचे टॅग असतात. आयडी एडिटरमधून एखादी नोट किंवा ऑस्मोजची नोंद मिटवून बदल जतन केला, की तो एडिटर त्या चेंजसेटवर ‘क्लोज्ड’ या उपसर्गाचे टॅग लावतो आणि मिटवलेल्या नोट्सचे क्रमांक आणि ऑस्मोजच्या नोंदींची प्रकारवार संख्या त्यात लिहितो. कोणत्या प्रकारचे इशारे या संपादनात सुटले आणि कोणते तसेच ठेवून पुढे जाण्यात आले, त्यांची संख्याही ‘रिझॉल्व्ड’ आणि ‘वॉर्निंग्ज’ या उपसर्गांनी नोंदवली जाते. एका टॅगच्या मूल्याला २५५ अक्षरांची मर्यादा असल्याने फार मोठी यादी त्यात मावत नाही, पण एका बैठकीच्या कामाला ती पुरते. ही विदा सार्वजनिक आहे, कायमची आहे, आणि प्रत्येक ओळीमागे कोणी, कधी, कोणत्या बदलासह, हे जोडलेलेच आहे. इतर एडिटरांनी आणि साधनांनी हीच लेखनपद्धत उचलली, आणि त्यात ‘तपासले, बरोबर आहे’ या उत्तराचीही भर घातली, तर सामाईक नोंदवहीचा मोठा भाग तयारच आहे, असे म्हणता येईल. एकच उणीव राहते. बदल काहीच केला नसेल तर चेंजसेटही होत नाही, आणि नकाशा बरोबर असल्याचे उत्तर नेमके अशाच वेळी द्यायचे असते. त्यापुरती बाहेरची नोंदवही लागेलच.

साधनांनी एकमेकांचे ऐकण्याचे माझ्या पाहण्यातले सर्वांत चांगले उदाहरण स्ट्रीटकम्प्लीटचे आहे. हे मोबाइलवरचे ॲप चालत्या माणसाला जागेवर प्रश्न विचारते, जसे की या रस्त्याचा पृष्ठभाग कसा आहे किंवा या इमारतीला किती मजले आहेत. उत्तर देता आले नाही तर त्या व्यक्तीला तेथे नोट ठेवता येते. त्यानंतर ज्या ठिकाणी उघडी नोट आहे त्या ठिकाणचा प्रश्न ते ॲप इतरांना विचारत नाही, कारण तेथे काहीतरी गुंता आहे हे आधीच कोणी सांगून ठेवलेले आहे. कोणाशी करार नाही, कोणते नवे प्रमाण नाही. दुसऱ्याने उमटवलेली खूण पाहून आपले पाऊल आवरणे एवढेच त्यात आहे. मॅपरूलेट आणि आपत्तीच्या वेळी वापरला जाणारा टास्किंग मॅनेजर हे, एकाने काम उघडले की दुसऱ्यासाठी ते तेवढ्यापुरते कुलूपबंद करतात, हेही त्याच जातीचे शहाणपण आहे, फक्त ते आपापल्या चार भिंतींच्या आत चालते. मॅपरूलेटमध्ये कुलूप लागलेली जागा ऑस्मोजमध्ये मोकळीच दिसते.

उलट दिशेचा एक मोह मात्र टाळला पाहिजे. यंत्राला सापडलेल्या सगळ्या शंका नोट्समध्ये ओतून टाकाव्यात, म्हणजे सर्व काही एका ठिकाणी येईल, ही सूचना दर काही काळाने कोणीतरी करतो. हेतू चांगला असतो, पण नोट ही माणसाने माणसाला लिहिलेली चिठ्ठी आहे. तिला उत्तर देता येते, उलट प्रश्न विचारता येतो, मिटवलेली नोट पुन्हा उघडता येते. यंत्राला उलट प्रश्न विचारून उपयोग नाही. शिवाय नोट्सच्या मूळ रचनेत जागा, शेरे आणि उघडी-मिटलेली एवढीच स्थिती आहे. ती कोणत्या घटकाबद्दल आहे किंवा कोणत्या नियमातून आली, यासाठी रकाने नाहीत, त्यामुळे चूक दुरुस्त झाली तरी यंत्राने टाकलेली नोट आपोआप मिटत नाही, ती कोणीतरी हाताने मिटवावी लागते. एपीआयकडे एखाद्या क्षेत्रातल्या नोट्स मागितल्या, तर वेगळे काही न सांगितल्यास तो शंभरच देतो. त्या शंभरांत यंत्राच्या नव्वद असल्या, तर ‘माझ्या दाराशी पायऱ्या आहेत, नकाशा चाकाच्या खुर्चीला उतार दाखवतो’ असे लिहिणाऱ्या माणसाची चिठ्ठी कोणाच्या दृष्टीस पडणार? ज्याला एडिटर उघडता येत नाही अशा माणसासाठी नकाशापर्यंत पोहोचण्याचा हा एकच दरवाजा आहे, आणि तो मोकळा राहिला पाहिजे असे मला मनापासून वाटते.

माणसांच्या नोट्सबाबत एक दुरुस्ती मात्र ताबडतोब करता येण्यासारखी आहे. ऑफलाइन नकाशे वापरणाऱ्या ॲपमधून बऱ्याच नोट्स येतात. वापरणाऱ्याने नकाशा सहा महिन्यांपूर्वी उतरवून घेतलेला असतो, त्याला दुकान बंद झालेले दिसते, तो प्रामाणिकपणे कळवतो, आणि चालू नकाशातून ते दुकान केव्हाच काढलेले असते. ॲपने आपल्या विदेची तारीख नोटच्या मजकुरात आपणहून जोडली, तर तपासणाऱ्याला घटकाच्या इतिहासाशी ती ताडून पाहता येते आणि नोंद अर्ध्या मिनिटात मिटते. काही ॲप असे करतात, काही करत नाहीत. जोडायचे ते इतकेच आहे, विदेची तारीख आणि वापरणाऱ्याने ज्या घटकावर बोट ठेवले त्याचा प्रकार व क्रमांक. तारीख नसलेल्या नोटबाबत मी घटकाचा इतिहास उघडतो, शेवटचा बदल नोटच्या आधीचा की नंतरचा ते पाहतो, आणि तेवढ्याने निर्णय झाला नाही तर लिहिणाऱ्याला त्याच नोटखाली विचारतो. निनावी नोट असेल तर त्या प्रश्नाची सूचना कोणाकडेच जात नाही, म्हणून अशा नोट मी घाईने मिटवत नाही. काय तपासले, कोणत्या तारखेच्या चित्रावरून तपासले आणि जागेवर नेमके काय पाहायचे राहिले आहे, हे शेऱ्यात लिहून त्या उघड्याच ठेवतो, म्हणजे तिकडून जाणाऱ्या पुढच्या मॅपरला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.